समुद्राकडचा टेंट आम्ही का सोडला

परवा या ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं — कोकणात स्वस्तातलं ग्लॅम्पिंग करावं की सरळ हॉटेल घ्यावं? फायदे-तोटे सांगा. खाली भरपूर उत्तरं आली. मीही टाइप करायला घेतलं, चार ओळी लिहिल्या आणि खोडल्या. कारण मला जे सांगायचंय ते ना फायद्यात बसतं ना तोट्यात.

आधीच सांगते, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. पनवेलला चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासते. डोळ्यासमोर काळं दिसतं, कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं, असं सांगणारे पेशंट आठवड्यातून दोन-तीन तरी येतात, आणि त्या प्रत्येकाला माझ्याकडे कारण असतं. भूत-बित या गोष्टींना मी आयुष्यात कधी थारा दिला नाही. आजही देते असं नाही. फक्त... जे झालं ते तसंच्या तसं लिहिते. नावं बदलली आहेत.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. मुलगी माझ्या आईकडे राहायला तयार झाली आणि मला नि निलेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, लग्नानंतर पहिल्यांदाच तीन दिवस मोकळे मिळाले. तो म्हणाला, श्रीवर्धनला हॉटेल घेऊ. मी त्याला मोबाईलवर ग्लॅम्पिंगचे टेंट दाखवले. चांगला पलंग, पंखा, दिवे, पलंगावरून समुद्र, आणि हॉटेलच्या निम्म्याहून कमी खर्च. निलेशने लगेच तोटे काढले : संडास बाहेर, नेटवर्क नाही, कापडाच्या भिंती, शेजारच्याचं घोरणंसुद्धा ऐकू येणार. "आणि रात्री कुत्रं आत आलं तर?" "तर त्याला पलंग देऊ," मी म्हटलं. तो हसला, आणि बुकिंग झालं.

शुक्रवारी आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत चढवून दिघीला उतरलो आणि तिथून पुढे निघालो. गावाचं नाव देत नाही, पण दिघी आणि श्रीवर्धनच्या मधलं आहे. सुपारीची वाडी, तिच्यापुढे वाळू, वाळूवर ओळीने तीन टेंट. आणखी दोन मागे वाडीत. आमचा पुढचा, अगदी कडेचा. वाळू आत येऊ नये म्हणून दार वाडीच्या बाजूला ठेवलेलं आणि समुद्राकडच्या भिंतीला फक्त जाळीची खिडकी. त्या दिवशी तिथे आमच्याशिवाय कुणीच नव्हतं. जेवण-खाण बघायला गावातल्या हिराकाकू होत्या, कोळीवाड्यातल्या. आल्या आल्या त्यांनी एकच गोष्ट बजावली, "ताई, ओहोटीला त्या खडकांकडं जाऊ नका. पानी वढतं तिकडं. दिसायला शांत हाय, पन वढतं."

संध्याकाळी सहाच्या सुमारास निलेश आंघोळीला गेला. मी पलंगावर पडले होते. सूर्य खाली आलेला, समोरची कापडी भिंत नारिंगी झालेली. आणि त्या भिंतीवर एक सावली होती. कुणीतरी बाई टेंटला अगदी लागून वाळूत बसलेली. दोन्ही हात डोक्यावर, पुढे-मागे, पुढे-मागे झुलत होती.

मला आधी रागच आला. म्हटलं, हा एक तोटा राहिलाच सांगायचा! कुणीही येऊन खिडकीखाली बसतं. उठून जाळीला तोंड लावलं. बाहेर कुणी नाही. वाळू मोकळी, पार पाण्यापर्यंत. मान वळवली तर सावली तिथेच, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. झुलतेय.

मी माझ्या धंद्याला जागले. एक डोळा मिटला, मग दुसरा. मान हलवली. नजरेतला डाग असता तर नजरेबरोबर सरकला असता. हा सरकत नव्हता. तळहाताने कापड बाहेर ढकललं, पलीकडे काहीच लागलं नाही. मग दारातून बाहेर पडले, टेंटला वळसा घालून समुद्राच्या बाजूला आले. वाळूवर माणसाच्या पावलाची खूण नाही. कापडावर फक्त माझी सावली. हुश्श केलं आणि आत आले...

आता दोघीजणी होत्या. दुसरी पहिलीवर वाकलेली, तिचा हात पहिलीच्या पाठीवर. आवाज मात्र कसलाच नाही. लाटांशिवाय काही नाही.

किती वेळ बघत होते सांगता येत नाही. सूर्य पाण्याला टेकला, भिंत विझत गेली तशी त्या दोघीही विरत गेल्या. निलेश टॉवेल खांद्यावर टाकून आला तेव्हा राखाडी कापडावर काळपट काहीतरी उरलं होतं. "ओल असेल गं," तो म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं — डोक्यावरचे हात, झुलणं, दुसरीचा हात कुठे होता ते, सगळं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुला झोपेची गरज आहे."

सकाळी मी हट्टच धरला, मागच्या टेंटमध्ये जायचं. हिराकाकूंना सांगितलं, लाटांच्या आवाजाने झोप लागत नाही. त्यांना नवल वाटलं. "पुढचा सोडून मागं जाताय? लोक पुढच्यासाठी भांडत्यात ओ!"

मी हळूच विचारलं, "काकू, इथे पूर्वी काही झालं होतं का?"

"काय व्हनार? वाडी हाय. सुपाऱ्या पडत्यात," त्या म्हणाल्या.

दुपारी डोंबिवलीहून एक जोडपं आलं, किरण आणि स्नेहल. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांचं बुकिंग खरं म्हणजे आम्ही घेतला त्या मागच्या टेंटचं होतं; बाकीचे तयार नव्हते, म्हणून काकूंनी त्यांना आमचा कडेचा दिला. अर्ध्या तासाने स्नेहल आमच्याकडे डबा घेऊन आली, घरच्या करंज्या होत्या. "ताई, थँक यू हं! तुमच्यामुळे आम्हाला सी-फेसिंग मिळाला!" इतकी आनंदात होती. माझ्या ओठावर आलं होतं. पण काय सांगणार? की मला सावली दिसली? निलेश माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होता. मी एक करंजी उचलली आणि म्हटलं, "छान आहे तो टेंट. एन्जॉय करा."

चार वाजता किरण टॉवेल घेऊन आला. "दादा, येताय पोहायला?" निलेश उठलासुद्धा. मी नाही म्हटलं. का ते मला आजही सांगता येणार नाही. ओहोटी आहे, काकू काय म्हणाल्या आठव, असं काहीतरी बोलले. किरणसमोरच आमचं वाजलं. निलेश तोंड फुगवून परत बसला. ओहोटीचं मी किरणलाही सांगितलं. तो म्हणाला, "लांब नाही जात, ताई," आणि गेला.

वीस मिनिटांनी स्नेहलची किंकाळी ऐकू आली.

पुढचं भराभर झालं, आणि फार सावकाश झालं. निलेश धावत पाण्यात गेला, कमरेपर्यंत जाऊन परतला. हिराकाकूंनी गावात आरोळी दिली, कोळ्यांनी होड्या काढल्या. पोलीस पाटील आले. पाणी खरंच शांत होतं. एवढ्या शांत पाण्यात माणूस दिसत नाही हे पटतच नव्हतं. दीड तास झाला. स्नेहल काठावरून हलायला तयार नव्हती. शेवटी आम्ही तिला धरून आणलं आणि ती टेंटपाशी, समुद्राच्या बाजूला, वाळूत बसली. पोलीस पाटलांना किरणचं आधार कार्ड हवं होतं म्हणून निलेश आत शोधायला गेला.

स्नेहलने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि झुलायला लागली. पुढे-मागे. मी वाकले, तिच्या पाठीवर हात ठेवला. "स्नेहल, पाणी पी थोडं..." आणि सहज समोर बघितलं. नारिंगी कापडावर आम्ही दोघी होतो.

माझा हात तिच्या पाठीवरून निघेना. ठेवावासाही वाटेना.

निलेश बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पाकीट होतं आणि चेहरा पांढराफटक. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "आतून... तू काल म्हणालीस ना..." पाकीट पोलीस पाटलांच्या हातात दिलं आणि टेंटकडे पाठ करून उभा राहिला. त्यानंतर आजतागायत त्याने तो विषय काढलेला नाही. मी काढला तर उठून जातो.

दिवेलागणीला होडी परत आली. किरणला वाळूवर ठेवलं, तेव्हा हिराकाकूंनी स्वतःच्या अंगावरची ओढणी काढून त्याच्यावर घातली.

मी खूप विचार केलाय. पाण्यात ओढ होती, तो पोहायला गेला, बुडाला, एवढं तर सरळ आहे. टेंट कुठला का असेना, समुद्र तोच. पण टेंट बदलला नसता तर त्या संध्याकाळी त्या भिंतीपाशी कोण बसलं असतं? निलेश उठला होता पोहायला. दुसरी सावली माझी होती हे मी बघितलं. पण शुक्रवारी मी पाहिलं तेव्हा त्या दोघींतली मी कोण होते, बसलेली की वाकलेली, हे त्या सावलीवरून कळत नव्हतं.

सात महिन्यांनी स्नेहलचा फोन आला. पंचनाम्याच्या वेळी नंबर दिला होता. इकडचं तिकडचं बोलली, नोकरीवर परत जातेय म्हणाली.

"ताई, एक विचारू? तुम्ही टेंट का बदललात?"

मी दुकानात होते. समोर पेशंट बसलेला. "लाटांच्या आवाजाने झोप लागत नव्हती गं," मी म्हटलं.

"हं. किरण म्हणत होता, मागचाच बरा, झाडं आहेत, गार आहे. मीच म्हटलं, पुढचा मिळतोय तर घेऊ या. पुढे नसतो तर तो दिवसभर त्या पाण्याकडे बघत बसला नसता, ना?"

"स्नेहल, तुझी काही चूक नाही."

"मग कुणाची, ताई?"

फोन तिनेच ठेवला. त्या भिंतीवर मी जे पाहिलं त्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, कुणी दिलं तर ऐकेन. पण 'कुणाची' या तिच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक असावं असं वाटतं, आणि ते तिला सांगायला मी अजून फोन केलेला नाही.