नारंगी तोंडाची बंदूक

ठाण्याच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली, मुद्देमालाची ओलसर खोली होती. पकडलेली माणसं पुढच्या कोठडीत आणि त्यांच्याकडून जप्त केलेल्या वस्तू मागच्या खोलीत, अशी वाटणी. माणसं आज ना उद्या सुटायची, वस्तू मात्र वर्षानुवर्षं खितपत पडायच्या. त्यांची राखण मावशीकडे.

मावशी म्हणजे हवालदार बाई. वय छप्पन्न, निवृत्तीला दोन वर्षं बाकी. नव्या शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणायचे. साहेबांच्या तोंडून "हवालदार" निघालं की समजायचं, आज काही खरं नाही. जिभेची तिखट, पण कामाला चोख. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. घरात भिंतभर टिकटिक चालायची आणि मावशी म्हणायची की मला घरी गोंगाट आणि नोकरीत शांतता मिळाली, बाकीच्यांचं उलटं असतं.

पण खोलीत शांतता नव्हती, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. गेली दोन वर्षं कपाटात खेळण्यातल्या बंदुका साठत होत्या. पोरांना एक नवंच खूळ लागलं होतं. बंदुकीच्या नळीचं रंगीत टोक काळं करायचं, बसथांब्यावरच्या एखाद्या बेसावध माणसावर ती रोखायची आणि त्याची उडालेली भंबेरी मित्राने मोबाइलवर टिपायची. एक म्हातारे गृहस्थ घाबरून जिन्यावरून पडले, त्यांचं माकडहाड मोडलं. पोरांच्या लेखी सगळी गंमत. या जप्त बंदुकांपैकी निम्म्यांत बॅटरी होती. संपत आलेली बॅटरी मरताना झटके देते. दुपारी खोलीत कुणी नसताना बंद कपाटातून मधेच टर्रर्र असा आवाज यायचा, फटीतून लाल उजेड दिसायचा आणि विझायचा. मावशी कपाटावर थाप मारून "गप्प बसा रे" म्हणायची. गप्प बसायच्या खऱ्या, पण लगेच नाही. तिचं बोलणं पुरतं ऐकून घेतल्यासारख्या जरा वेळाने.

ही खोली तिने स्वतः मागून घेतली होती. अकरा वर्षांपूर्वी ती गस्तीवर असताना एका इमारतीच्या अंधाऱ्या जिन्यात कुणीतरी तिच्यावर बंदूक रोखली. तिने आपली काढली, चापावर बोट ठेवलं आणि ओरडली, "टाक." समोरचा टाकेना. तिने आणखी तीन श्वास थांबायचं ठरवलं. तिसऱ्या श्वासाला समोरचा रडायला लागला. बापाचा कोट घालून, खेळण्यातली बंदूक धरून पायरीवर उभा राहिलेला नऊ वर्षांचा मुलगा होता तो. त्या दिवशी घरी आली तेव्हा तिचं बोट वाकलेलंच होतं. नवऱ्याने घड्याळाचा काटा सरळ करावा तसं हळूहळू सरळ केलं. तेव्हापासून त्या बोटाच्या टोकाला गार-गरम नीट कळत नसे. दुसऱ्या दिवशी तिने अर्ज दिला, मला बंदूक नको, कारकुनी द्या.

म्हणून या खेळण्यांचा तिला मनापासून राग होता, आणि म्हणूनच साहेबांनी हे काम तिच्या गळ्यात घातलं. पद्धत ठरलेली होती. पोरगा पहिल्यांदा सापडला तर आईबापांना बोलवायचं, हमीपत्र लिहून घ्यायचं आणि नळीच्या तोंडाला चांगला दोन बोटं नारंगी तेलरंग फासून खेळणं परत द्यायचं. दुसऱ्यांदा सापडला तर रीतसर गुन्हा. परत देण्यामागे सुधारणेचा वगैरे हेतू आहे असं साहेब सांगायचे. कपाटात जागा नव्हती, हे खरं कारण. रंग मावशी स्वतः लावायची. गस्तीवरचे लोक लांबून तो रंग बघून म्हणायचे, मावशीच्या हातचं आहे, घाबरू नका.

पण नुसत्या हमीपत्राने कुणाला अक्कल येत नाही, हे ती जाणून होती. म्हणून तिने फडक्याचा खेळ काढला. निकाल लागलेल्या एका जुन्या खटल्यातलं खरं रिव्हॉल्व्हर लोखंडी पेटीत पडून होतं. त्याला ती "म्हातारी" म्हणायची. साहेबांची लेखी परवानगी घेऊन ती टेबलावर काळं फडकं अंथरायची, त्यावर एका बाजूला पोराचं खेळणं, दुसऱ्या बाजूला म्हातारी ठेवायची आणि आईला किंवा बापाला सांगायची, तुमच्या घरचं उचला. दहातले सहा जण म्हातारी उचलायचे. मग मावशी सांगायची, "तुम्ही रोज घरात बघता, तरी ओळखलं नाहीत. आमच्या पोरांना वीस पावलांवरून ओळखायचं असतं." हे ऐकून भल्याभल्यांचे चेहरे उतरायचे. त्याच खटल्यातली दोन काडतुसंही ती एका डबीतून काढून म्हातारीशेजारी ठेवायला लागली. ती जिवंत होती. ही भर तिची स्वतःची. साहेबांना माहीत नव्हती. यशाने माणूस शेफारतो, मावशी तरी अपवाद कशी असेल?

त्या मंगळवारी औषधाच्या दुकानात काम करणारी एक बाई आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलगा चष्मेवाला, गोरामोरा झालेला. त्याचं खेळणं नव्या धर्तीचं होतं, धातूचं, वजनदार, फिरणाऱ्या चक्रीचं, नळीत लाल दिवा आणि सोबत पितळी रंगाच्या दोन खोट्या गोळ्या. म्हातारीची जुळी बहीणच. मावशीने फडक्यावर सगळं मांडलं. बाईने जराही न घुटमळता म्हातारी उचलली, गोळ्याही उचलल्या आणि म्हणाली की हेच, मी दहा वेळा गादीखालून काढलंय.

मावशी तोंड उघडणार तोच कपाट बोललं. एक नाही, चार-पाच बंदुका एकदम टरटरायला लागल्या. असं कधी झालं नव्हतं. ती उठली, कपाट उघडून एकेकीची बॅटरी काढत बसली आणि ती पाठमोरी असताना त्या बाईने, शिस्तीची बाई ती, टेबल आवरून ठेवलं. उरलेलं फडक्यात गुंडाळलं, उरलेल्या गोळ्या डबीत घातल्या आणि "आपलं" ते रंगाच्या डबीशेजारी मांडलं. मावशी परत आली ती घामाघूम. मन अजून कपाटात. बाईला चूक दाखवून द्यायची राहिली आहे याचं भान तिला उरलं नाही. समोर होतं त्याला तिने रंग फासला, गोळ्या पिशवीत टाकल्या, हमीपत्रावर सही घेतली. फडक्यातली वस्तू न उलगडताच डबीसकट पेटीत ठेवली, कुलूप लावलं. रंगवताना नळी गार लागली का? दुसरं कुठलंही बोट असतं तर कदाचित कळलं असतं.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला दुसरा एक बाप बाकावर बसला होता. मावशीने पेटी उघडून फडक्याची गुंडाळी उचलली, तर काळ्या कापडाच्या आतून लाल उजेड आला. मंद, मग तेज, मग पुन्हा मंद. म्हातारीला अकरा वर्षांत कधी दिवा नव्हता. मावशी गुंडाळी हातात धरून तशीच उभी राहिली. उलगडायची काही गरज उरली नव्हती, तरी उलगडली. काडतुसांची डबी उघडली. आत खोट्या गोळ्यांची जोडी, नखाने टोकरलं तर पितळी रंगाखाली प्लॅस्टिक.

तेवढ्यात टेबलावरचा वायरलेस खरखरला. रस्त्यावरच्या पादचारी पुलावर दोन पोरं, चष्मेवाल्याच्या हातात बंदूक, दुसऱ्याच्या हातात मोबाइल, लोक वाकून पळताहेत. पाठोपाठ लंबूचा आवाज आला. लंबू म्हणजे गस्तीवरचा नवा शिपाई, उंच आणि हसरा. तो म्हणाला, "मावशी, तुमच्याच हातचा रंग दिसतोय. कान धरून आणतो."

मावशीला दोन्ही गोष्टी एकदम दिसल्या. गप्प बसली, तर लंबू हसत हसत त्या नळीसमोर जाईल. खरं सांगितलं, तर लंबू आणि त्याचा जोडीदार आपापली बंदूक काढतील, आणि समोर सोळा वर्षांचा पोरगा, आपल्या हातात काय आहे हे ज्याला ठाऊकच नाही, तो "टाक" म्हटल्यावर हसेल आणि टाकणार नाही. नोकरी, निवृत्तिवेतन, अब्रू, हेही दिसलं. नाही दिसलं असं कसं म्हणावं, माणूसच होती ती.

तिने बटण दाबलं. "लंबू, आहेस तिथेच थांब. ती खरी आहे. आपलीच आहे, माझ्या हातून गेली. गोळ्यापण गेल्यात. पोराला माहीत नाही. कुणी बंदूक काढायची नाही, आवाज चढवायचा नाही. लोकांना मागे घ्या. मी येतेय."

पूल ठाण्यापासून चार मिनिटांवर. मावशी किती मिनिटांत पोचली ते तिला कधी आठवलं नाही. पुलाच्या दोन्ही तोंडांना माणसं दबकून उभी होती आणि मधला भाग मोकळा, चिडीचूप. लंबू पायऱ्यांवर होता, पांढराफटक. त्याचा हात कमरेवर होता, पण बंदूक त्याने काढली नव्हती. मावशी त्याच्या पुढून वर गेली.

चष्मेवाल्याने तिला ओळखलं. तो कसनुसा हसला आणि बंदूक तिच्याकडे वळवली. नारंगी गोल बरोबर तिच्या छातीच्या उंचीवर आला. तो मारायला निघाला नव्हता. चोरी पकडल्यावर पोरं जशी चेष्टेवारी नेतात, तसं काहीतरी. तक्रारीच्या सुरात तो म्हणाला, "मावशी, तुम्ही रंग लावल्यापासून ही बिघडलीय. दिवा लागत नाही. चापपण किती जड झालाय, बघा."

आणि ते दाखवण्यासाठी त्याने दोन बोटांनी चाप ओढला.

टक्.

घरातल्या घड्याळांतलं एखादं वाजावं, तेवढाच आवाज. मावशी चालत राहिली. पाय थांबले असते तर पुन्हा उचलले नसते. तिने हात पुढे करून म्हटलं, "खरंच रे, बिघडलीय. आण इकडे, नीट करून देते." पोराने निमूटपणे तिच्या हातात दिली. एवढंच. मोबाइलवाल्या मित्राने सगळं टिपलं होतं; त्याला वाटलं, भलताच मिळमिळीत शेवट झाला.

मावशीने तिथेच, सगळ्यांकडे पाठ करून, चक्री उघडली. सहा घरं, दोन भरलेली. तिने दोन्ही काडतुसं तळहातावर घेतली. एकाची पाठ गुळगुळीत होती. दुसऱ्याच्या पाठीवर मधोमध बारीक खाच होती. तिथे घाव बसला होता. वीस वर्षं ओलीत पडून असलेलं काडतूस, उडायला हवं होतं आणि उडालं नव्हतं.

तिला एकदम बसावंसं वाटलं. बसली, पुलाच्याच कठड्याला टेकून. पोराला जवळ बोलावून तिने विचारलं की हा चाप तू किती वेळा ओढलास. त्याने आठवून सांगितलं की जड जातो म्हणून दोनदाच. एक आत्ता आणि एक सकाळी. मधल्या वेळात नुसती चक्री फिरवत बसलो होतो.

"सकाळी कुणावर?"

"धाकटीवर," तो म्हणाला. "दूध पीत नव्हती."

दुपारी ती औषधाच्या दुकानातली बाई ठाण्यात आली. सोबत सहा-सात वर्षांची मुलगी, शाळेच्या वेशात, दप्तरासकट. मावशीने साहेबांच्या देखत बाईला सगळं सांगितलं. फडकं, कपाट, रंग, गोळ्या, खाच, काही ठेवलं नाही. ती म्हणाली, "ताई, तुमची चूक तुम्हाला तिथल्या तिथे दाखवून द्यायची, हे माझं काम होतं. ते मी केलं नाही."  बाईने मुलीचं मनगट धरलं होतं. ते ती जास्त जास्त घट्ट धरत गेली, तेव्हा मुलगी कुरकुरली.

मुलगी मावशीच्या बोटाकडे बघत होती. नखाच्या कडेला नारंगी रंग अडकला होता, साबणाने निघाला नव्हता. मग काही महत्त्वाचं सांगायचं राहिलंय अशा थाटात ती म्हणाली, "दादाने मला मारलं. मी मेले होते. मग उठून दूध प्यायले."

साहेब खिडकीकडे वळले. मावशीने मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि तो तसाच मागे घेतला.

मावशीला निलंबित केलं. चौकशी व्हायची ती झाली, तिने एकही शब्द फिरवला नाही, आणि दोन वर्षं बाकी होती त्यातलं एक निलंबनातच गेलं. चष्मेवाल्याला सुधारगृहात न पाठवता सोडलं, ते तिच्याच जबाबामुळे. फडक्याचा खेळ बंद झाला. कपाटातल्या बंदुका एक दिवस पोत्यात भरून भट्टीत टाकायला नेल्या. लंबू भेटायला आला तेव्हा सांगत होता की बॅटऱ्या सगळ्या काढल्या होत्या, तरी गाडीत बसेपर्यंत पोत्यात काहीतरी टरटरत होतं. मावशी म्हणाली, असेल.

तिचा प्रश्न वेगळाच होता आणि तो सोडवणारं कुणी नव्हतं. टक् दोनदा झालं, खाच एकच. रिकाम्या घरावर घाव पडला तो कुणाच्या वेळी, आणि काडतुसावर पडला तो कुणाच्या? तपासणीवाल्यांना तिने विचारून पाहिलं. ते म्हणाले, मधे चक्री फिरवली असेल तर सांगता येणार नाही. ती खाच पुलावरची असावी, आपल्या छातीवरची असावी, असं ती घोकायची. तिला खरं मानायचं होतं ते एवढंच.

नवऱ्याच्या लक्षात आलं की ती घरात बसल्या बसल्या एकेका टकटकीला मान वर करते. एका सकाळी त्याने भिंतीवरची सगळी घड्याळं थांबवली. मावशी अंघोळ करून बाहेर आली आणि दारातच थबकली. मग म्हणाली, "अहो, चालू करा ती. ते टक् त्यांच्यात दडून तरी जायचं. आता तर एकच ऐकू येतंय."