फ्रीजच्या दाराचं रबर

उभ्या आयुष्यात कुणाच्याही घरी 'सहज' म्हणून गेलेला नाही असा माणूस जगात एकच आहे, आणि तो माझा मामा आहे. आईचा सख्खा धाकटा भाऊ. वय अडुसष्ट, तरी आई त्याला अजून 'बाळ' म्हणते. नई सडकेवरच्या दोन खोल्यांत तो एकटाच राहतो आणि तिथून आमचं घर स्कूटरने दहा मिनिटांवर आहे, पण काम असल्याशिवाय मामा आमच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकत नाही. काम नसलं की फाटकाशी स्कूटर चालूच ठेवून खरबुजांची पिशवी आत देतो, "ताई बरी आहे ना?" एवढं विचारतो आणि उत्तर अर्धं ऐकून वळतो. दिवाळीच्या फराळाला बोलावलं तर दारातच विचारतो, "काम काय आहे?" काही नाही म्हटलं की उभ्याउभ्या एक चकली उचलतो आणि "मग निघतो मी" म्हणून चालू लागतो. माझ्या लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी मामाने माझ्या पाठीशी उभं राहायचं होतं. तेव्हा तो हॉलच्या दुसऱ्या टोकाला शिडीवर चढून पंखा दुरुस्त करत होता, कारण नुसतं जेवायला यायचं त्याला पटेना. लग्नाच्या अल्बममध्ये मामाचा एकच फोटो आहे आणि त्यात त्याचे फक्त पाय आले आहेत.

नोकरीभर तो एका सरकारी खात्यात नकाशे काढत होता. त्यामुळे डोळ्यांना दिसतं त्यावर त्याचा विश्वास नाही, फक्त मापावर आहे. आईच्या गुडघ्याला सूज आली तेव्हा डॉक्टरच्या आधी मामाने टेप लावून दोन्ही गुडघे मोजले, फरक कागदावर लिहिला आणि तो कागद माझ्या हाती देऊन डॉक्टरकडे पाठवला. डॉक्टरनेही तो निमूट फाइलला लावला. हा कागद म्हणजे जुन्या लग्नपत्रिकेची कापलेली पट्टी असते. पत्रिका फेकू नये असं त्याचं मत, आणि मागची कोरी बाजू वाया घालवू नये हे त्याहून ठाम मत. त्याच्या शर्टाच्या खिशात अशा पाच-सहा जाडजूड पट्ट्या कायम असतात, कोपऱ्याला हळद लागलेल्या. आणि आम्हा ग्वाल्हेरकरांच्या मराठीत एरवी अर्धी हिंदी असते, तर मामाच्या हातात पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, आला की उरलेली अर्धी मराठीही गळून पडते. "देख बेटा, मशीन कभी झूठ नहीं बोलती," हे वाक्य मी मिक्सरच्या, पंपाच्या आणि देवघरातल्या दिव्यांच्या माळेच्या निमित्ताने ऐकलेलं आहे.

तर यंदाच्या मे महिन्यात आमचा फ्रीज बिघडला. फ्रीज पंधरा वर्षांचा, आणि मे महिना ग्वाल्हेरचा, ज्यात दुपारी नळाला हात लावला तर भाजतो. फ्रीजची मोटार दिवसरात्र थांबेना, आत दुधाचं पातेलं कोमट, वरच्या कप्प्यात मात्र बर्फाचा डोंगर. दूध नासलं तर नासू दे, पण आईला मधुमेह आहे आणि तिचं महिन्याभराचं इन्सुलिन त्याच फ्रीजमध्ये होतं. ते गरम झालं की संपलं, टोचलं काय आणि नाही टोचलं काय सारखंच. वरचे भाडेकरू सुट्टीत गावी गेलेले, शेजारचे कुलूप लावून लग्नाला. आईने शांतपणे इन्सुलिनची डबी प्लास्टिकच्या पिशवीत बांधली आणि माठाच्या तोंडाशी, पाण्याच्या अगदी वर, दोरीने लटकवली. मी मोबाइलवर नवे फ्रीज बघायला लागलो. आई म्हणाली, "बाळला बोलाव."

मामा पिशवी घेऊन आला. काम होतं, त्यामुळे चेहरा लग्नघरासारखा. फ्रीजच्या दाराला कडेने जे रबर असतं ते नीट चिकटतंय का हे बघायची रीत त्याने मला समजावली. दारात कागद धरायचा, दार लावायचं आणि कागद ओढायचा. अडकला तर रबर चांगलं, सुळ्ळकन निघाला तर गेलं. मामाने खिशातून पत्रिकेची पट्टी काढली आणि चारी बाजूंनी ओढून बघितली. पट्टी सगळीकडे अडकली. "रबड एकदम ओके," मामाने निकाल दिला, "गडबड दुसरी जगह है." मग त्या दुसऱ्या जागेच्या शोधात चार दिवस गेले. एक दिवस फ्रीजच्या पुढच्या पायांखाली लाकडाच्या चकत्या घालून तो मागे कलता केला, एक दिवस भिंतीपासून हातभर पुढे ओढला, एक दिवस मागची जाळी टूथब्रशने घासली. चौथ्या दिवशी त्याने फ्रीजचा समोरून, बाजूने आणि वरून असा तीन अंगांचा नकाशा काढला. नकाशा सुरेख होता. मोटार घरघरतच होती, आणि माठातलं पाणी दर दोन तासांनी बदलून आईचे हात भरून आले होते. बँकेतून घरी आलो की मी आधी माठात हात घालायचो आणि मग बूट काढायचो.

पाचव्या दिवशी आईने काय केलं, तर औषधाच्या दुकानाचं पातळ, फुंकरीने उडेल असं बिल घेतलं, दारात धरलं, दार लावलं आणि ओढलं. ते असं निघालं की दार आहे की नाही कळू नये. खालच्या कोपऱ्यात तर न ओढताच खाली पडलं. "बाळ," आई म्हणाली, "तुझ्या पत्रिका फार जाड आहेत रे." मामाने बिल हातात घेतलं, पत्रिकेची पट्टी दुसऱ्या हातात घेतली, दोन्ही बोटांत चाचपून बघितली. जाड पुठ्ठा ढिल्या फटीतही अडकणारच. चाळीस वर्षं मापाची नोकरी केलेल्या माणसाने कागदाची जाडीच मोजली नव्हती. त्याचे कान लाल झाले. एरवी मी त्याला महिनाभर पिडलं असतं, पण त्या दिवशी मला खरंच राग आला होता. मी म्हटलं, "मामा, आता पुरे. उद्या संध्याकाळपर्यंत दार लागलं तर लागलं, नाहीतर परवा नवा फ्रीज येईल. गॅरंटीवाला. कुणी हात लावायची गरजच नाही." मामाने पिशवी उचलली. चहा न घेताच गेला. त्याला मी काय बोललो होतो ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो हजर. दाराच्या खाचेतून जुनं रबर त्याने अख्खंच्या अख्खं सोडवलं, नमुना म्हणून गळ्यात हारासारखं घातलं आणि स्कूटरला किक मारली. जाताना फ्रीजचं दार माझ्या जुन्या लुंगीने बांधून गेला. बाहेर भाजून काढणाऱ्या वाऱ्याची लू वाहत होती. नई सडक, मग पाटणकर बाजार, मग परत नई सडक, असा तो गळ्यात रबराची माळ घालून फिरला. बाजारात भेटलेल्या माझ्या एका सहकाऱ्याने बँकेत येऊन विचारलं, "तुमच्या मामांचा सत्कार वगैरे होता का आज?" बहुतेक दुकानदारांनी "अंकल, नया ले लो" एवढंच सांगितलं. एकाने माप घेऊन, पट्टी कापून, कोपरे जोडून रबर बनवून दिलं, आणि ते मामाने समोर उभं राहून बनवून घेतलं. मधल्या काळात मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो होतो आणि माठापाशी बसलो होतो.

तेव्हा आईने मला ती गोष्ट सांगितली. माझे आजोबा गेले तेव्हा मामा बारा वर्षांचा होता. आजी झाशीला आपल्या भावाकडे गेली, मामा शाळेसाठी इथेच, गोरखीजवळ एका खोलीत राहिला आणि वार लावून जेवला. सोमवारी एकाच्या घरी, बुधवारी दुसऱ्याच्या, असे सात वार सात घरी. फुकट खातो असं कुणी म्हणू नये म्हणून प्रत्येक घरी आधी पाणी भरायचा, कंदिलाच्या काचा पुसायचा, दळण आणायचा, आणि मग पानावर बसायचा. "मंगळवार माझ्या सासरी होता," आई म्हणाली. तिचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. "विहिरीवरून घागरी आणताना त्याचे खांदे सोलवटायचे. मी स्वयंपाकघरातून बघायचे. 'काम राहू दे, आधी जेव' एवढं म्हणायची माझी छाती झाली नाही. सासूबाई समोर असायच्या." एवढं सांगून ती उठली आणि माठातलं पाणी बदललं. मला अल्बममधले ते शिडीवरचे पाय आठवले आणि फार ओशाळल्यासारखं झालं.

मामा आला तो घामाने निथळत, पण रबर हातात. घडी घालून आणल्यामुळे ते वेडंवाकडं झालेलं. ते सरळ करायला गरम पाण्यात भिजवावं लागतं, आणि इथे ग्वाल्हेरचा मे कामाला आला. गॅस पेटवायची गरजच पडली नाही, गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला आणि बादलीत वाफाळतं पाणी आलं. "देखा," मामा म्हणाला, "धूप का भी उपयोग है." मग मऊ झालेलं रबर पुसून आधी चार कोपरे खाचेत बसवले, मग कोपऱ्यांकडून मधे अंगठ्याने दाबत यायचं. मी कोपरा धरायच्या कामावर. "नीट धर, बँकेचं पासबुक नाही ते," अशी बोलणी मी सेहेचाळिसाव्या वर्षी आनंदाने खाल्ली. बिजागऱ्यांच्या बाजूला घासू नये म्हणून आईची टाल्कम पावडर लावली. वरच्या कोपऱ्यात तरीही दोराएवढी फट राहिली. मामाने ती अंगठ्याने दाबून बघितली, बुजेना. मी सुट्टीत माहेरी गेलेल्या बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणून दिला. तिथलं रबर गरम करून, बोटाने बाहेर ओढून त्याने फट बुजवली, दार लावलं, लुंगीने आवळून बांधलं आणि म्हणाला, "आता दोन तास कुणी हात लावायचा नाही."

ते दोन तास आम्ही तिघं फ्रीजसमोर खुर्च्या टाकून बसलो. मोटार घरघरत होती. लुंगी सोडल्यावर मामाने खिशाकडे नेलेला हात मागे घेतला आणि आईला म्हणाला, "ताई, तूच बघ." आईने औषधाचं बिल दारात धरलं आणि ओढलं. निघेना. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, त्या खालच्या दळभद्री कोपऱ्यातही निघेना. तरी आम्ही बसून राहिलो, कारण अजून मोटार थांबायची होती. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास खट्ट असा आवाज झाला आणि ती थांबली. इतक्या दिवसांनी घरात पंख्याचा आवाज ऐकू आला. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. आत हात घालून बघितला तर चांगला गार. आईने माठातली डबी सोडली, पदराने पुसली आणि मधल्या कप्प्यात ठेवली. मामाने त्या दिवशी आमच्याकडे तीन पोळ्या, वाटीभर आमरस आणि दोनदा भात खाल्ला. काम केलं होतं ना.

आणि मग तो येईनासा झाला. फ्रीज उत्तम, पंप उत्तम, दिव्यांची माळ उत्तम. तीन आठवड्यांत दोनदा फाटकाशी आला, स्कूटर चालूच. आई खिडकीतून वाकून बघायची तोवर तो कोपऱ्यावर वळलेला असायचा.

मग एके दिवशी सकाळी मी जेवत असताना आई फोनवर बोलताना ऐकू आली. "बाळ, अरे फ्रीजचं दार परत नीट लागत नाहीये." माझा घास तसाच राहिला. पोळी टाकून उठलो, बिल घेतलं, दारात धरलं, ओढलं. काही केल्या निघेना. दार तर पहिल्यापेक्षा घट्ट. "अगं आई, हे तर..." असं मी म्हणायला आणि तिने फोनवर हात ठेवायला एकच गाठ पडली. "तू तुझी पोळी खा," ती म्हणाली. तिने पाटाला पाट लावून आणखी एक पान मांडलं होतं. माझ्या तेव्हा लक्षात आलं की तो मंगळवार होता.

दहा मिनिटांत मामा आला. फाटकाबाहेर स्कूटर बंद केल्याचा आवाज आला. आत येऊन त्याने पिशवी ठेवली, बिल मागून घेतलं, वरच्या कोपऱ्यात धरून दार लावलं आणि ओढलं. बिल फाटलं. अर्धं त्याच्या हातात, अर्धं दारात. इतकी घट्ट पकड फ्रीज नवा होता तेव्हाही नव्हती. मामाने हातातल्या तुकड्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. तुकडा घडी करून खिशात ठेवला.

"ढिलं आहे ताई," तो म्हणाला. "वरच्या कोपऱ्यात. एका दिवसात नाही व्हायचं हे. दर मंगळवारी येऊन बघावं लागेल."

"बघ की," आई म्हणाली, "पण काम राहू दे. आधी जेव."

मामाने तोवर पिशवीतून पेचकस काढला होता. त्याने तो परत पिशवीत ठेवला आणि हात धुवायला मोरीकडे गेला. मला बँकेला उशीर झाला होता, पण मी त्याच्या शेजारी परत पानावर बसलो.

फ्रीज अजून तोच आहे. औषधाच्या दुकानाची बिलं मी हल्ली फेकत नाही, नीट सरळ करून फ्रीजवरच्या डब्यात ठेवतो. दर मंगळवारी एक लागतं.