गोष्टीत नसलेलं कलम

माणूस मूर्ख असला की त्याला वैरी लागत नाही. चहा घ्या, सांगतो. हसायचं नाही मात्र, कारण त्यात माझ्या हाताशी आलेलं हापूसचं कलम गेलं.

साठ-एकसष्ट साल असेल. कुणकेश्वराकडचं आमचं गाव. चुलतभाऊ विठूदादा मुंबईला गिरणीत, इथे जनावैनी एकटी. आमच्या दोन बागांच्या मध्ये दगडांचा गडगा. दर पावसात तो ढासळायचा आणि मी फुकट रचून द्यायचो. रचताना वीतभर पलीकडे सरकवायचो. आता ह्या वयात खोटं कशाला बोलू? वैनीचं कलम कडेलाच होतं. अजून दोन पावसाळे, की ते माझ्यात!

संध्याकाळी मास्तरांच्या घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, माणसं जमायची. मास्तर मुंबईहून आलेलं मासिक वाचून दाखवायचे. त्या दिवशीची गोष्ट टवाळ होती. एक गृहस्थ शेजाऱ्याचं कुंपण दर वर्षी स्वतः नवं घालून देतो, गाव त्याचा नारळ देऊन सत्कार करतो. संपली!

"सांगा," मास्तर म्हणाले, "हा असं का करतो? ह्या पात्राचा हेतू काय?"

"माणूस बरो आसा, दुसरा काय!" जनावैनी म्हणाली. "आमच्या भावजींसारखो."

इथे तरी गप्प बसावं ना? पण दुसरी नापास माणूस मी, आणि ह्या एका विषयात माझ्याएवढा शिकलेला तिथे होता कोण?

"खुळ्यांनू! बरो कसलो? वर्साक वीतभर कुंपण सरकयता तो! वीतभरच, कोणाक दिसूचा नाय."

"शाब्बास! बरोबर!" मास्तर म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा कुठला मास्तर मला बरोबर म्हणाला हो! मी उठून उभाच राहिलो.

"आणि सरळ नाय हां! कलमाकडे जरासो वाक देवचो. दोन वर्सात कलम आत!"

वैनीने पदर सारखा केला.

"भावजी, गोष्टीत कलम खंय आसा?"

मास्तरांनी पानं उलटून पाहिली. नव्हतंच!

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून मी दगड वाहत होतो, मूळच्या जागी. वैनी पायरीवर बसून बघत होती. एक शिवी दिली असती तर पाठ तरी हलकी झाली असती.

शाळेत जाताना मास्तर थांबले. "काय हो, आता ह्या पात्राचा हेतू काय?"

मी पुढचा दगड उचलला. पायरीवरून वैनीच बोलली, "माणूस बरो आसा, मास्तर. दुसरा काय!"

ती वारली त्यालाही वर्षं झाली. दुसऱ्याच्या पोटातलं सांगणारा मी, पण ती ते कुठल्या हेतूने म्हणाली, ते मला अजून कळलेलं नाही.