दोन्ही नावांचा एकच आवाज

मी ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करते ती कुणा एका कंपनीची नाही. जगभरची माणसं आपापल्या मोकळ्या वेळात ती घडवतात. तिच्यात लिहिलेले प्रोग्रॅम नीट चालतात का, हे तपासायची एक लायब्ररी आहे. तिची देखभाल करणाऱ्यांत मीही आहे.

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउट भागातल्या आमच्या ऑफिसात पुण्याहून एक मुलगी रुजू झाली. तिला दिसत नाही. कॉम्प्युटर तिला कोड हेडफोनमधून वाचून दाखवतो, तोही इतक्या भरभर की मला त्यातलं अक्षर कळत नाही. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं, त्यामुळे माझ्या मराठीत 'स्वल्प' आणि 'सरी' असे कन्नड शब्द असायचेच. तिला त्याची गंमत वाटे. ती मला अक्का म्हणू लागली.

एकदा जेवणानंतर तिने विचारलं, "अक्का, तुमच्या लायब्ररीत 'चेक' नावाची दोन फंक्शन्स कशाला?"

"ती वेगळी आहेत. एकाचं पहिलं अक्षर कॅपिटल आहे. ते चूक सापडली की तिथेच थांबतं. दुसरं चूक नोंदवून पुढे जातं."

"मला दोन्ही सारखीच ऐकू येतात. कॉम्प्युटरला कॅपिटल अक्षर सांगायला लावलं, तर तो ओळीओळीला अडखळतो."

मी नावं बदलायचा प्रस्ताव लिहिला. ही लायब्ररी मुळात लिहिणारे गृहस्थ आता नोकरीतून निवृत्त आहेत, दूरच्या देशात राहतात; पण लायब्ररीत शेवटचा शब्द अजून त्यांचाच. त्यांचं उत्तर आलं : 'कितीतरी लोकांचे प्रोग्रॅम या नावांवर चालतात. एका व्यक्तीसाठी सगळ्यांना कामाला लावायचं का?' ते तिला वाचून दाखवताना मलाच अवघडल्यासारखं झालं.

"त्यांचंही खरंय," ती म्हणाली. "पण तुमच्या पुढच्या ऑनलाइन मीटिंगला मला बसू दे."

मीटिंगमध्ये ती फारसं बोलली नाही. तिने सगळ्यांना स्क्रीनकडे न बघता ऐकायला सांगितलं आणि कोडच्या चार ओळी आपल्या नेहमीच्या वेगाने ऐकवल्या. मग विचारलं, "टेस्ट कुठे थांबेल?"

त्या गृहस्थांनी पुन्हा ऐकवायला सांगितलं. या वेळी तिने वेग कमी केला. ते डोळे मिटून ऐकत होते.

"नाही कळत," ते म्हणाले. "ही नावं मीच ठेवली होती. तेव्हा मला ती फार सुटसुटीत वाटली होती."

त्यांनी होकार दिला, पण एक अट घातली. जुनं नाव एकदम काढायचं नाही. पुढच्या मोठ्या आवृत्तीपर्यंत ते चालेल, फक्त वापरणाऱ्याला नाव बदलल्याची सूचना दिसेल. तिला ते पटलं. थांबणाऱ्या फंक्शनच्या नावात आम्ही थांबण्याचा शब्द घातला आणि दुसऱ्याचं नाव तसंच ठेवलं. तिने आणखी एक नाव सुचवलं होतं, ते मात्र त्यांनी मानलं नाही. त्यावरून दोघांचा पत्रव्यवहार अजून चालू आहे, आणि हल्ली त्यात माझी गरज पडत नाही.