मुली : निरंक

"मयताला मुलगा एक. मुली, निरंक."

तलाठ्याने वारसनोंदीच्या अर्जातून मोठ्याने वाचलं. चामोर्शी तालुक्यातलं आमचं गाव. खोलीत चार-पाच माणसं, दाराजवळच्या बाकावर मी. मयत म्हणजे माझा बाप. मुलगा म्हणजे माझा धाकटा भाऊ.

मी उभी राहिले. "साहेब, मी पोरगी आहो न त्याइची."

तलाठ्याने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "बाई, कागदावर तुम्ही नाही. बाहेर थांबा."

पंच म्हणून आलेले दोघं हसले. माझ्या लग्नात पंगतीला जेवलेली माणसं ती. भाऊ खाली मान घालून आपली चप्पल बघत होता. मी बाहेर आले. गुमान आले, याचीच मला आजही जास्त चीड येते.

निरंक म्हणजे काहीच नाही. हे मला कोणी शिकवायला नको. मी अंगणवाडी सेविका. दर महिन्याला अहवाल भरते. बालमृत्यू, निरंक. रकाना रिकामा ठेवला की मॅडम ओरडतात.

आणि भावाला तो शब्द मीच दिला. बाप जाऊन महिना झाला होता. मी पोरांना खिचडी वाढत होते. भाऊ एक फॉर्म घेऊन अंगणवाडीत आला, पोरांच्या खुर्चीवर बसला, माझाच पेन मागितला.

"बाई, जिथी काईच लिवाचं नसते तिथी काय लिवतेत वो?"

"निरंक लिव."

"र वर टिंब देऊ?"

"दे. कायचा फारम हाय?"

"असाच, सोसायटीचा."

आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. वर त्याला ताटलीभर खिचडी दिली.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत माझी शाळा बुडायची, त्याची कधी बुडली नाही. लग्न करून दिलं तेही गावातच, पलीकडच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर. म्हणून बाप अंथरुणाला खिळला तेव्हा दोन वर्षं दोन्ही वेळा मीच गेले. त्याचं हगणंमुतणं काढलं. तेव्हा मला कोणी म्हणालं नाही, बाई, बाहेर थांबा.

तलाठ्याकडून थेट भावाच्या अंगणात गेले. विचारलं, "काऊन लिवलं रे असं?"

"आपल्यात पोरीचं नाव लावत नाईत, बाई. दिवाळीले साडी देऊन राह्यलो न तुले? हिस्सा मांगशीन त माहेर तुटन तुह्यं."

साडी म्हणे! शेत मला हवंच होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याने कागद पुढे करून हक्क सोड म्हटलं असतं, तर मी राखी बांधून वर सहीही दिली असती. एवढी वेडी होते मी. आमच्याकडच्या बायका देतातच. त्याला माझी सहीसुद्धा लागली नाही. त्याने मला जन्मालाच येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सुटल्यावर हरकतीचा अर्ज लिहिला. कोणाला विचारलं नाही. फॉर्म भरायची मला सवय आहे. मयताशी नाते : मुलगी, थोरली. हरकतीचे कारण : मी आहे.

तलाठी म्हणाला, "भावाबहिणीत मिटवून घ्या ना."

"पोच द्या, साहेब."

त्याने इकडेतिकडे कागद हलवले. मी टेबलासमोरून हलले नाही. शेवटी शिक्का मारून दिला.

आता सुनावणीची तारीख लागली आहे. भावाने निरोप पाठवला, राखीले येऊ नको. नाही जाणार. रडले मी त्या निरोपावर, ते लपवत नाही. पण सुनावणीला जाईन. समोरच्या खुर्चीवर बसेन. आणि या वेळी कोणी बाहेर थांबा म्हणालं, तर उठणार नाही.