प्रतिष्ठित इसम

कळंबोलीच्या लोखंड बाजारात टपरी चालवणाऱ्या भिमाबाईला सही करायची भारी हौस. पन्नाशी उलटल्यावर सुनेकडून अक्षरं शिकली आणि तेव्हापासून कुरिअरवाल्याचा कागद दिसला तरी तिचा हात शिवशिवायचा. त्याच हातानं शेवटी घात केला.

झालं असं, की समोरच्या गाळ्यात कोर्टाचा बेलिफ जप्ती घेऊन आला. गाळामालक नंदकिशोरनं देणं थकवलं होतं, आणि जप्त करायचं होतं पत्रे कापायचं मशीन. बारा टनांचं, जमिनीत बोल्टांनी जखडलेलं. काखोटीला मारून न्यावी अशी ती वस्तूच नव्हती. बेलिफानं सील ठोकलं आणि म्हणाला, "हे इथंच राहणार. ताब्यात घ्यायला जवळपासचा एखादा प्रतिष्ठित इसम पाहिजे."

ऐकल्याबरोबर आजूबाजूच्या गाळेवाल्यांना एकदम महत्त्वाचे फोन आले. उरली भिमाबाई.

"मावशी, तुम्ही रोज इथंच असता. तुम्हीच की प्रतिष्ठित!"

हा शब्द तिला जन्मात कुणी लावला नव्हता. तिनं झोकात सही केली.

घरी सून क्रांतीनं कागद वाचला आणि कपाळाला हात लावला. "आई, ही साक्षीदाराची सही नाय. कोर्ट मागेल तेव्हा मशीन जसंच्या तसं दाखवायचं. नाय दाखवलं तर किंमत तुम्ही भरायची."

"आन् न्हाई भरली तर?"

"मग आपली खोली जाईल."

गाळ्याची किल्ली तर नंदकिशोरकडे! तेव्हापासून भिमाबाई शटरच्या जाळीतून दिवसातून दहा वेळा बोल्ट मोजू लागली. चहा उतू जायचा, गिऱ्हाईक ओरडायचं. रविवारी बाजार बंद, तरी ही हजर. परभणीला मैत्री नावाच्या भाचीचं लग्न तोंडावर आलेलं, तिकिटं काढलेली. तिचं त्यात लक्षच नव्हतं.

आणि मंगळवारी भरदुपारी गाळ्यासमोर क्रेन येऊन उभी राहिली. ती धावत पोचली तोवर नंदकिशोरच्या माणसानं दोन बोल्ट सैल केलेही होते.

"टेन्शन नको मावशी," नंदकिशोर म्हणाला. "फक्त मोटर रिपेअरला नेतो. उद्या परत."

खोटं बोलतोय हे तिला कळत होतं. पण अडवायचं कसं? तिनं टपरीतल्या साखरेच्या डब्याखालून तो जप्तीचा कागद आणला, पेन पुढं केलं.

"न्या की. फकस्त माझ्या नावाखाली तुमी सही करा. मोटर न्हाई आली तर जबाबदार तुमी."

तो हसत पेन घेऊन वाकला, आणि वाचू लागला. कर्जाच्या कागदांवर न वाचता सह्या ठोकणारा हा माणूस त्या दिवशी ओळ न् ओळ वाचत होता. मग त्यानं पेन परत केलं. क्रेनवाल्याला म्हणाला, "चल, राहू दे."

भिमाबाईनं पाना मागून दोन्ही बोल्ट उभं राहून आवळून घेतले. क्रेन गेली, पण किल्ली त्याच्याच खिशात गेली. कोर्टाची तारीख अजून दोन महिने लांब होती.

लग्नाची साडी तिनं क्रांतीच्या पिशवीत घातली. "मैत्रीला दे. तू जाऊन ये बाई."

"आणि तुम्ही?"

"मी प्रतिष्ठित हाय ना," भिमाबाई म्हणाली. "मला न्हाई जमायचं."