सुमतीबाईंच्या वर्गातला माठ

"किती?"

सुमतीबाई माझ्याशी बोलल्या तो पहिला शब्द हा. शाळेत रुजू होण्याचा माझा पहिलाच दिवस होता. नागपुरातल्या धंतोलीतून उन्हात चालत आले होते, घसा कोरडा पडला होता. वर्गाच्या कोपऱ्यातल्या माठाकडे बघून मी नुसतं "पाणी मिळेल का?" असं विचारलं. दूध किती, साखर किती, हे लोक विचारतात. पाणी किती, हा प्रश्न तोवर मला कुणी विचारला नव्हता. मी गोंधळून म्हटलं, "एक पेला." त्यांनी अर्धाच भरून हातात दिला आणि म्हणाल्या, "हा घ्या. लागलं तर पुन्हा मागा, मी इथंच उभी आहे." मला इतका राग आला म्हणून सांगू! दारी आलेल्या माणसाला अर्धा पेला पाणी देणारं कुणी मी अख्ख्या विदर्भात पाहिलं नव्हतं. दुसऱ्यांदा मागायची मला गरजच पडली नाही, ही गोष्ट मात्र मी बाईंना आजवर सांगितलेली नाही. त्यांच्या षष्ट्यब्दीच्या निमित्तानं ती इथं कबूल करून टाकते.

सुमतीबाईंबद्दल शांतपणे लिहिणं कठीण आहे, कारण त्या स्वतः कधी शांत बसल्या नाहीत. शिकवताना त्या वर्गभर फिरत. बोलता बोलता मध्येच थांबून कान टवकारत. मग कळायचं की मागच्या अंगणातला नळ थेंब थेंब गळतो आहे. तो बंद करून आल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे. त्यांच्यासोबत लग्नाला जाणं ही तर शिक्षाच होती. पंगतीत कुणी निम्मा पेला तसाच सोडून उठलं की बाईंच्या घशाखाली घास उतरत नसे.

फळ्यावर 'पाणी म्हणजे जीवन' लिहून त्याखाली ढगाचं चित्र काढायला लावणाऱ्यांपैकी मात्र त्या नव्हेत. त्यांची शिकवण हाताला लागायची. पाट्या पुसायला प्रत्येकानं नळावर धावायचं नाही, एका रांगेत एक ओलं फडकं फिरायचं. डबे धुतलेलं पाणी अंगणातल्या गोडनिंबाच्या, म्हणजे कढीपत्त्याच्या, आळ्यात जायचं, आणि रांग मोडून ते मोरीत ओतणाऱ्याला गोडनिंबाची माफी मागावी लागायची. घरचा अभ्यास असायचा तोही असा: "आज घरात सांडलेलं पाणी कुठं गेलं, ते बघून या." पोरं शोध लावून यायची. एकदा एका मुलाचे वडील तणतणत शाळेत आले.

"बाई, तुम्ही माझ्या घरात पोलीस ठेवला का? मी आंघोळ करून राहिलो तं हा दारावर थापा मारते. म्हणते, बाबा, दुसरी बादली कायले पाहिजे?"

"मग तुम्ही काय सांगितलं?" बाईंनी गंभीरपणे विचारलं.

"काय सांगतो? निघालो बाहेर, साबण अंगाले तसाच!"

त्या गृहस्थांना बाईंनी चहा पाजला आणि मुलाला सांगितलं, "वडिलांच्या अंगाचा साबण निघेपर्यंत तरी त्यांना पाणी घेऊ द्यावं, बाळ."

बाईंच्या मायेबद्दल लिहायचं तर माझी आई धंतोलीतल्या दवाखान्यात होती ते दिवस आठवतात. बाई धरमपेठेतून रोज पहाटे यायच्या, मला घरी पिटाळायच्या आणि स्वतः आईजवळ थांबायच्या. आईची वेणीसुद्धा घालून द्यायच्या. शाळेच्या घंटेला मात्र माझ्या आधी हजर. "रात्रभर तू बसली होतीस, मी कुठं बसले होते?" एवढंच म्हणायच्या. मला त्या काळी रडायलाही सवड नव्हती; ती सवड बाईंनी काढून दिली.

इथपर्यंतचं सगळं गौरवग्रंथाला शोभणारं आहे. पुढचं शोभणार नाही, असं संपादक मंडळातल्या एका सद्गृहस्थांचं मत पडलं. मी सरळ बाईंकडे गेले आणि विचारलं. बाई म्हणाल्या, "बाकी सारं गाळलंस तरी चालेल, हे गाळू नकोस." तेव्हा लिहिते.

सत्तर सालाच्या आगेमागे एका उन्हाळ्यात पाण्याची फारच टंचाई होती. शाळेच्या नळाला सकाळी जरा वेळ धार येई, तेवढ्यात माठ भरून घ्यायचा. वर्गातले पेले विसळण्यात बरंच पाणी जातं, हे बाईंच्या ध्यानात आलं आणि त्यांनी तोड काढली. पेले बंद. लांब दांड्याचं ओगराळं घेऊन वर्गाचा मॉनिटर उभा राहील आणि तो प्रत्येकाच्या ओंजळीत वरून पाणी ओतेल. उष्टं नाही, विसळणं नाही. बाई खूश होत्या आणि मीही त्यांचं कौतुक केलं.

त्याच वर्षी रेल्वेच्या पलीकडच्या वस्तीतून सुजाता नावाची मुलगी तिसरीत आली होती. तिच्या घरच्यांनी छप्पन साली नागपुरातच दीक्षा घेतलेली. आईवडील कामावर जात, तिला सांभाळायची तिची आजी. सगळे तिला भागाआजी म्हणत. एके दिवशी मधल्या सुट्टीत भागाआजी डबा द्यायला आली आणि तिनं नात ओंजळ पुढं करून वाकलेली पाहिली. वरून पाण्याची धार पडत होती. आजी दारातच थबकली. मग डबा खाली ठेवून तिनं सुजाताचा हात धरला आणि बाहेर ओढलं.

बाई धावत मागं गेल्या. "अहो, हे सगळ्यांनाच आहे! माझा सख्खा भाचा या वर्गात आहे, तोही असाच पितो. पाणी वाचावं म्हणून केलं आहे."

भागाआजी वळली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून मला तो अजून ऐकू येतो.

"तुमच्या भाच्याच्या ओंजळीत पाणी पडते, बाई. आमच्या पोरीच्या ओंजळीत काय पडते, ते मले माहीत हाय. म्या उभा जलम असंच प्यायलं. ईहिरीले हात लावाची सोय नव्हती, कोणी वरून वाढंन तं पियाचं, नाई तं तसंच घरी जायाचं. हिले म्या त्याच्यासाठी शाळेत धाडलं का?"

दुसऱ्या दिवसापासून सुजाता शाळेत येईना.

ओगराळं बाईंनी त्याच दिवशी उचललं होतं, पण त्यांचं मन काही ठिकाणावर येईना. हजेरी घेताना सुजाताच्या नावापाशी आवाज अडखळायचा. गणित सांगता सांगता खिडकीशी जायच्या आणि रेल्वेच्या दिशेनं बघत राहायच्या. मला सारखं विचारत, "इतकी साधी गोष्ट मला कशी दिसली नाही गं?" मी समजूत घालायला लागले की चिडायच्या. शेवटी एका संध्याकाळी म्हणाल्या, "चल," आणि आम्ही वस्तीत गेलो.

भागाआजी दारातच बसली होती. बाईंनी सबबी सांगितल्या नाहीत. म्हणाल्या, "माझं चुकलं. आता कसं करू, ते तुम्ही सांगा."

आजीनं त्यांना बसायला जागा करून दिली. मग म्हणाली, "माठात सगळ्या लेकराइचा हात गेला पाहिजे. पाळीपाळीनं. आज एकानं पाणी द्यावं, उद्या दुसऱ्यानं. पण माह्या एकटीच्या पोरीले मोठेपणानं बसवसान तं नोको. पाळी आली का बसंन, पाळी सरली का उठंन."

तसंच ठरलं. मुलांनी घरून आपापला पेला आणायचा, तो आपलाच म्हणून दिवसभर विसळायचा नाही. हजेरीच्या क्रमानं एकेकानं माठाशी बसून पाणी द्यायचं. सुजाता परत आली आणि बाईंचं मन ठिकाणावर आलं.

मग सुजाताची पाळी आली. उन्हाळा असल्यामुळं शाळा सकाळची होती, तरी नऊ वाजताच पत्रे तापायचे. पोरगी केस चापूनचोपून बांधून, धुतलेला फ्रॉक घालून माठाशी बसली होती. बाईंचीच नक्कल करत प्रत्येकाला "किती?" विचारायचं, असं तिनं ठरवून ठेवलं होतं. पण विचारायला फारसं कुणी समोर आलंच नाही. खालच्या वर्गातून आलेली तिच्या वस्तीतली दोन पोरं आणि बाईंचा भाचा एवढेच पाणी प्यायले. बाकीचा वर्ग ओठांवरून जीभ फिरवत बसून राहिला. सुट्टी झाली तरी तेच. शेवटी बाईंनी विचारलं, "काय रे, आज कुणालाच तहान नाही?"

एक मुलगा उभा राहिला. हुशार होता, नजर मात्र जमिनीकडे. "पाणी वाचवून राहिलो, बाई."

मी शेजारच्या वर्गाच्या दारात उभी होते. बाईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. इतकी वर्षं उरस्फोड करून जे शिकवलं, तेच पोरांनी ढाल करून पुढं धरलं होतं. माठ जवळजवळ काठोकाठ भरलेला होता आणि त्याच्याशी सुजाता पेला हातात धरून बसली होती.

बाई माठापाशी गेल्या, आपला पेला पुढं केला. सुजातानं बारीक आवाजात विचारलं, "किती, बाई?"

"पूर्ण."

तो पेला त्यांनी सगळ्यांसमोर प्यायला. मग म्हणाल्या, "आज या वर्गात पाणी वाचलेलं नाही, वाया गेलं आहे. नळ दिवसभर उघडा राहिला असता तरी इतकं वाया गेलं नसतं. पाणी वाचवायचं ते तहानलेल्याला प्यायला मिळावं म्हणून. हे सांगायचं माझं राहून गेलं होतं."

त्या दिवशी शाळा सुटली ती आमच्यापुरती सुटलीच नाही. बाई घरोघर निघाल्या आणि मला सोबत ओढलं. प्रत्येक घरी त्या आधी पाणी मागायच्या. ते पिऊन झालं की पेला खाली ठेवून विचारायच्या. चिडल्या की त्यांची पुस्तकी भाषा सुटायची. "तुमच्या घरचं पाणी मी प्यायली. कोणी भरलं, कोणाच्या हातचं, काही विचारलं नाही. आता तुमच्या पोरानं माझ्या वर्गातलं पाणी काहून नाही प्यायचं, ते मले सांगा."

उत्तरं ऐकण्यासारखी होती. बाप म्हणे, "आमचं काही नाही हो, त्याची आजी मानते." आजी म्हणे, "मले काय करायचं, सुनेले पटत नाही." सून म्हणे शेजारीण नावं ठेवते. जात स्वतः कुणीच पाळत नव्हतं. पाळणारी माणसं दर वेळी शेजारच्या खोलीत असायची! घरं हिंडता हिंडता माझ्या पोटात पाणी डुचमळायला लागलं. मी गुपचूप "नको" म्हणू लागले, तर बाईंनी डोळे वटारले. एका घरी मात्र गृहस्थ सरळ बोलले.

"बाई, तुम्ही पाण्याचं शिकवा. बाकीचं नोको."

"मी पाण्याचंच शिकवून राहिली," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

त्या गृहस्थांनी आपला मुलगा आणि मुलगी, दोघांनाही शाळेतून काढलं. मुख्याध्यापक घाबरले, आणखी मुलं जातील, पाळ्या बंद करा म्हणाले. बाईंनी त्यांना सांगितलं की पाळी बंद होणार असेल तर माठही राहणार नाही आणि मीही नाही. तो विषय तिथंच थांबला, पण आमचे पुढचे दिवस धाकधुकीत गेले. सुजाता पुन्हा कोरड्या वर्गासमोर बसली असती, तर भागाआजीनं तिला तिसऱ्यांदा पाठवलं नसतं. तसं आजीनं बजावूनच ठेवलं होतं.

तिची पाळी परत आली त्या सकाळी माझं माझ्या वर्गात लक्षच नव्हतं. मुलांना शुद्धलेखन घालून मी सारखी दाराशी जात होते. बाई वर्गात येरझारा घालत होत्या, पण माठाकडे बघायचं नाही असं त्यांनी स्वतःला बजावलेलं दिसत होतं. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग मागच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि पेला घेऊन माठाकडे निघाली. मध्येच थांबली. बाईंकडे नाही, सुजाताकडेच बघून म्हणाली, "मले लय तहान लागली वं."

"किती देऊ?"

"भर पूर्ण."

तिच्या मागं दुसरी उठली, मग शेजारच्या मुलानं पेला काढला, आणि मग बाकं करकरायला लागली. सगळे आले असं नाही. काही जण शेवटपर्यंत बसून राहिले. पण जे आले ते दोन-दोनदा आले. मधली सुट्टी संपायच्या आत सुजाता हात पुसत बाईंसमोर उभी राहिली. तिचा चेहरा घाबरलेला, कारण असं याआधी त्या वर्गात कधी झालंच नव्हतं.

"बाई, माठ सरला."

थेंबासाठी तास थांबवणाऱ्या सुमतीबाई म्हणाल्या, "सरू दे, बाळ. सरू दे." आणि चेहरा लपवायला खिडकीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागाआजी मुद्दाम शाळेच्या फाटकाशी आली होती. म्हणाली, "पाणी वाचवाले शिकवता म्हणे, अन् माठ दोन घंट्यात खाली केला! असं काय शिकवणं हाय तुमचं?" आणि दोघी खळखळून हसल्या. सुजाता त्या शाळेतून चौथी पास होऊनच बाहेर पडली.

शाळेतून काढलेली ती दोन भावंडं मात्र परत आली नाहीत. मागच्या आठवड्यात मी या लेखाबद्दल विचारायला गेले, तेव्हाही बाईंनी हार-शालीची चौकशी केली नाही. "त्या दोघांचं पुढं काय झालं, काही कळलं का गं?" असंच विचारलं. मला कळलेलं नाही. बाईंना ते अजून डाचतं आणि आता मलाही डाचायला लागलं आहे.

म्हणून बाई, या मंगल प्रसंगी सगळे तुम्हांला सुखाची, विश्रांतीची वर्षं चिंततील, तेव्हा मी त्यांच्यात नसेन. विश्रांती तुम्हांला मानवणार नाही. तुम्हांला उदंड आयुष्य मिळो, गुडघे धड राहोत, डोळे आणि कान असेच तिखट राहोत, आणि रागही असाच राहो. या गावात अजून पुष्कळ दारांवर जाऊन पाणी मागायचं आहे, आणि तुमच्याशिवाय मी एकटी जाणार नाही.